सेवेतली ‘कमिटमेंट’ : बांधिलकी, समर्पण की आणखी काही?

पाटीपेन्सिल
आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण गटासाठी मी काही पाठ मराठीत आणते आहे. पाठ बारा, विषय तीन: विश्वास, प्रार्थना आणि सेवेतली कमिटमेंट. पहिले दोन शब्द आपोआप आले. तिसऱ्यापाशी तीन आठवडे अडकले आहे.

आधी ‘बांधिलकी’ लिहिलं. प्रार्थनासभेत मसुदा वाचून दाखवला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “बाई, बांधलेली माणसं आम्ही आधी होतो. प्रभूनं सोडवलं. आता परत कोण बांधतंय?” रागानं नव्हे, त्या मनापासून विचारत होत्या. मला उत्तर देता आलं नाही. आमच्यात बंधन म्हटलं की पापाचं, व्यसनाचं. त्यातून सुटका झाली हीच तर माणसाची साक्ष असते. मग साक्ष देणाऱ्याच्याच तोंडी ‘बांधिलकी’ कशी घालू?

नंतर ‘वचनबद्धता’ करून पाहिलं. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, म्हणाले, आपल्या लोकांना ‘वचन’ म्हटलं की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ऐकू येतं. पाठात मात्र माणसानं दिलेल्या शब्दाबद्दल लिहिलंय.

राहिलं ‘समर्पण’. पण समर्पण एका दिवशी होतं. बालसमर्पण, समर्पणाची प्रार्थना, सगळ्यांसमोर पुढे येणं. पाठ सांगतो ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल. मुलांचा वर्ग घेणारी एक बाई आहे. वर्गात दोनच मुलं उरली, तरी ती दर रविवारी वेळेआधी येऊन सतरंजी घालते. तिच्या या वागण्याला काय म्हणायचं?

उंबरठा
ताई, ‘वाहून घेणं’. अस्सल मराठी. फूल वाहतो तसं स्वतःला वाहणं. ‘तिनं या कामाला वाहून घेतलंय’ असं म्हटलं की पुढे समजावत बसावं लागत नाही.

पाटीपेन्सिल
हा मनात आला होता. पण त्याचं नाम होत नाही. ‘सेवेत वाहून घेणे’ असं शीर्षक दिलं तर मुलं ‘वाहून जाणे’ वाचतील.

उंबरठा
मग शीर्षकात नामच हवं हा हट्ट कशाला? मराठी क्रियापदांवर चालते. ‘ता’ आणि ‘पणा’ लावून नामं पाडायची सवय आपल्याला भाषांतरांनी लावली. पाठाचं नाव ‘वाहून घेतलेली माणसं’ ठेवा.

गच्चीवरून
माझं मत वेगळं आहे. तरुण गट आपापसात काय म्हणतो? ‘त्याची कमिटमेंट नाहीये.’ मग तेच लिहा. शब्द ज्याच्या तोंडी आहे त्याचा. ‘चर्च’, ‘बिशप’, ‘मिशन’ आपण घेतलेच की. शुद्ध शब्दाच्या पायी पाठ कपाटात पडून राहिला तर काय उपयोग?

कंदीलवाट
मला हे पटत नाही, आणि थोडं दुखतंही. ‘मंडळी’, ‘पाळक’, ‘उपासना’, ‘तारण’, ‘पाचारण’ (देवाचं बोलावणं), ‘उपकारस्तुती’ हे शब्द कुणीतरी बसून, झिजून ख्रिस्ती अर्थासाठी तयार केले. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार आला, तेव्हापासून हे काम चालू आहे. पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं शास्त्र पुन्हा मराठीत आणायला बसल्या. केडगावला मुक्ती मिशनमधल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. एकेका शब्दासाठी माणसं आयुष्य घालवतात आणि आपण ‘कमिटमेंट’ लिहून मोकळं व्हायचं?

गच्चीवरून
रमाबाईंचं नाव घेतलंत म्हणून बोलतो. त्यांना बोजड, संस्कृतात बुडालेली मराठी नकोच होती. शाळा न पाहिलेल्या बाईला कळावं हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या बाजूला उभं राहायचं तर ‘वचनबद्धता’ आधी जाईल, ‘कमिटमेंट’ नंतर.

कंदीलवाट
साधं म्हणजे आयतं उचललेलं नव्हे. शाळा न पाहिलेल्या बाईला ‘कमिटमेंट’ कळतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सांजपाखरू
मध्येच बोलते. एका पत्रकावर मी ‘प्रार्थना मंत्रालय’ असं छापलेलं पाहिलंय. कुणीतरी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं. मिनिस्ट्री म्हणजे सेवा हे त्या यंत्राला ठाऊक नव्हतं. लॅटिनमध्ये मिनिस्टर म्हणजे मुळात सेवक, चाकर. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘दियाकोनिया’, त्याचाही अर्थ सेवाच. ते पत्रक बघून मला फार वाईट वाटलं. ज्या शब्दात माणूस वाकलेला असायला हवा तिथे खुर्ची येऊन बसली.

जुनीवही
ताईंच्या सतरंजी घालणाऱ्या बाईंसाठी शब्द आपल्या शास्त्रात आधीपासून आहे. वाचून वाचून तो गुळगुळीत झाला, म्हणून दिसत नाही. शब्द आहे ‘तत्पर’.

नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये २:४२ काढा. पहिली मंडळी शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात, प्रार्थनेत ‘तत्पर असत’. रोमकरांस १२:१२ मध्ये प्रार्थनेच्या संदर्भात पुन्हा तत्पर. कलस्सैकरांस ४:२ मध्येही तेच. आज तत्पर म्हटलं की ‘तत्पर सेवा’ आठवते, म्हणजे फोन केला आणि माणूस ताबडतोब हजर. पण शब्द फोडून बघा. तत् अधिक पर. ज्याला ‘ते’ हेच परम, त्याहून वर दुसरं काही नाही, तो तत्पर. यात घाई कुठेच नाही.

तिन्ही ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे, प्रोस्कार्तेरेओ. ‘प्रोस्’ म्हणजे लगत, जवळ. पुढच्या भागाच्या मुळाशी बळ आहे, नेट धरून टिकणं आहे. हेच क्रियापद मार्क ३:९ मध्ये एका होडीसाठी येतं, आणि मला ती जागा फार आवडते. समुद्राकाठी लोकांची रेटारेटी चालली आहे. दुखणाईत माणसं येशूला शिवायला अंगावर येताहेत. तो शिष्यांना सांगतो, चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून एक लहान होडी माझ्यासाठी लावून ठेवा. ती होडी ‘लगत टिकून राहावी’ असं ग्रीक म्हणतं. त्या उताऱ्यात तो होडीत बसल्याचं पुढे लिहिलेलंच नाही. नंतर दुसऱ्या प्रसंगी तो होडीत बसून शिकवतो. इथे तिचं काम एवढंच, काठाला लागून थांबायचं. पाणी हलवतंय, दोर ताणतोय, तरी जागा सोडायची नाही.

वर्गात दोन मुलं असली काय, वीस असली काय, त्या बाई म्हणजे ती होडी. मी ‘तत्परता’ लिहीन आणि पाठाच्या सुरुवातीलाच मार्क ३:९ देईन.

पाटीपेन्सिल
दादा, हे दोनदा वाचलं. होडी पाठात घेतेच. पण शीर्षक ‘सेवेतली तत्परता’ दिलं तर मुलांना वाटेल वेळेवर या, चपळ राहा. शब्दाचा जुना अर्थ परत आणायचा तर पानभर समजावून सांगावं लागेल.

उंबरठा
उपासना हा शब्दही तसाच आहे. उप म्हणजे जवळ, आस् म्हणजे बसणं. जवळ बसून राहणं. होडी आणि उपासना सख्ख्या बहिणी निघाल्या.

अक्षरधूळ
‘तत्पर’वरून आठवलं. गीतेच्या चौथ्या अध्यायात ३९व्या श्लोकात ‘श्रद्धावाँल्लभते ज्ञानं तत्परः संयतेन्द्रियः’ असं आहे. श्रद्धावान आणि तत्पर एकाच ओळीत. म्हणजे ताईंच्या पहिल्या आणि तिसऱ्या विषयाची जोडी जुनीच आहे. माझा मूळ प्रश्न असा की तुम्ही ‘विश्वास’ का म्हणता? ‘श्रद्धा’ का नाही? श्रद्धा हा लॅटिन ‘क्रेडो’चा, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’चा, सख्खा भाऊबंद आहे. दोन्ही एकाच मुळातून आले.

कंदीलवाट
कारण श्रद्धा कशावरही ठेवता येते आणि ती माणसाच्या आत असते. विश्वास टाकावा लागतो, समोर कुणीतरी लागतं. आमच्या बोलण्यात ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या घराला ‘ते घर विश्वासात आहे’ असं म्हणतात. तिथे ‘श्रद्धेत आहे’ म्हणून बघा, वाक्य मरतं.

अक्षरधूळ
हा सवयीचा भाग झाला. दोनशे वर्षं ‘श्रद्धेत आहे’ म्हटलं असतं तर तेही कानाला गोड लागलं असतं.

कंदीलवाट
सवय म्हणजेच भाषा की.

गच्चीवरून
हेच मी ‘कमिटमेंट’बद्दल म्हणत होतो.

सांजपाखरू
‘विश्वास’मध्ये ‘श्वस्’ आहे, श्वास घेणं. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. मी हा अर्थ रुग्णाजवळ बसून प्रार्थना करताना शिकले. घाबरलेल्या माणसाचा श्वास आधी वर अडकलेला असतो. हात हातात घेऊन सावकाश प्रार्थना सुरू केली की काही वेळानं छाती खाली येते. तेव्हा मला हा शब्द दिसला. कोशात शोधायला मी नंतर गेले.

आणि कोकणी ख्रिस्ती लोक विश्वासाला ‘भावार्थ’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एका बाईंना सांगत बसले होते की भावार्थ म्हणजे कवितेखाली लिहितात तो सारांश. त्या म्हणाल्या, “आमच्यात त्याच्यावर माणूस जगतो.” गप्प बसले.

जुनीवही
विश्वास आणि टिकून राहणं हे दोन वेगळे पाठ करावे लागतात, हीच खरी अडचण आहे. हिब्रूत ‘एमुना’ म्हणजे विश्वास आणि विश्वासूपणा, दोन्ही. आपलं ‘आमेन’ त्याच मुळातलं. निर्गम १७:१२ मध्ये लढाई चालू असताना मोशेचे हात थकतात. अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात, दोन बाजूंनी हात उचलून धरतात. सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहिले, तिथे ‘स्थिर’साठी हाच एमुना शब्द आहे. एकट्यानं तो स्थिरपणा येत नाही, दोघांनी धरावं लागतं, हेही त्यात आलं. म्हणून ‘तत्परता’ पटत नसेल तर ‘विश्वासूपणा’ घ्या. गलतीकरांस ५:२२ मध्ये आत्म्याच्या फळात तो आहेच.

पाटीपेन्सिल
‘विश्वासूपणा’ जवळ येतो. पण आमच्या मुलांना विश्वासू म्हणजे चोरी न करणारा, गुपित न फोडणारा. सेवेला धरून राहणारा हा अर्थ मागे पडलाय. आणि आजींचा प्रश्न अजून तसाच आहे. प्रेषित पौल स्वतःला ‘येशू ख्रिस्ताचा दास’ म्हणवतो, रोमकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत. मग बांधलेलं असणं वाईट कसं?

कंदीलवाट
दास तो आपखुशीनं झाला. ‘बांधिलकी’त आपखुशी ऐकू येत नाही, कर्तव्याचा पट्टा ऐकू येतो. आजींचा कान बरोबर आहे.

अक्षरधूळ
‘सामाजिक बांधिलकी’ म्हणताना कुणाला पट्टा ऐकू येतो? आजींचा आदर आहे, पण एका कानासाठी चांगला शब्द टाकू नये.

सांजपाखरू
त्या कानासाठीच तर पाठ लिहायचे. आजी पण मंडळीतच बसतात.

उंबरठा
सगळे थांबा. कलस्सैकरांस ४:२ पुन्हा वाचलं. तिथे ‘तत्पर’च्या शेजारीच ‘जागृत राहा’ आहे. मराठीत ‘जागणं’ म्हणजे झोप न घेणं, आणि शिवाय? शब्दाला जागणं. इमानाला जागणं. मिठाला जागणं. हाच तो शब्द! कमिटमेंटला मराठीत जागणं म्हणतात, आपण तो रोज वापरतो. गेथशेमाने बागेत येशू झोपलेल्या शिष्याला, पेत्राला, विचारतो, माझ्याबरोबर एक तास जागे राहवलं नाही का? मराठी वाचणाऱ्याला त्यात दोन्ही अर्थ ऐकू येतात. ताई, पाठाचं नाव ‘पाचारणाला जागणं’.

पाटीपेन्सिल
अंगावर काटा आला वाचून.

गच्चीवरून
काटा मलाही आला, पण ‘पाचारण’ वगळा. आमच्या गटातल्या मुलांना त्या शब्दानं अग्निशमन दल आठवतं. बातमीत दुसऱ्या कशासाठी तो येतच नाही. ‘सेवेला जागणं’ म्हणा.

कंदीलवाट
‘स्वर्गीय पाचारण’ हा इब्री ३:१ मधला शब्द बातम्यांच्या स्वाधीन करायचा का? आणि सेवेला कसं जागणार? जागतो ते दिलेल्या शब्दाला, खाल्लेल्या मिठाला. आधी कुणीतरी काही दिलेलं असावं लागतं. सेवा आपण करतो, पाचारण आपल्याला मिळतं. क्रियापदच सांगतंय कुठला शब्द हवा ते.

अक्षरधूळ
मिठाला जागण्यात धनी आणि चाकर आहेत, ही सरंजामी कल्पना आहे. बांधिलकीतला पट्टा नको म्हणता, मग हा चालतो?

जुनीवही
मीठ जुन्या करारातही आहे. गणना १८:१९ मध्ये हिब्रूत शब्दशः ‘मिठाचा करार’ आहे, न मोडणारा करार. २ इतिहास १३:५ मध्ये दावीदाच्या राज्याबद्दल पुन्हा तेच. तिथे करार करणारा देव आहे, जागतो तोही तोच. आधी तो जागतो, मग आपण.

अक्षरधूळ
पण मराठीतलं मिठाला जागणं तिथून आलेलं नाही. ते फारसीतल्या नमकहलाल, नमकहरामच्या वाटेनं आलं असावं.

उंबरठा
वाट कुठलीही असो. मीठ घरोघरी होतं, म्हणून कल्पनाही घरोघरी उगवली असेल.

अक्षरधूळ
असं म्हटलं की व्युत्पत्ती शोधायचं कामच संपतं. फारसीत ‘नमक’ शब्दाला जोडून निष्ठेचे प्रयोग आहेत. ते आधी नीट बघू.

पाटीपेन्सिल
बघा, बघा. मी तोवर होडीचा परिच्छेद लिहून काढते. पाठ नऊचं शीर्षक सध्या कोरं ठेवलंय. रविवारी आजींना ‘जागणं’ ऐकवते.

सांजपाखरू
त्यांना ‘भावार्थ’ही विचारा.