मदत हवी आहे: काळ्या गाडीवरचे स्वर्ल मार्क्स, घरी मशीन पॉलिश करावं का?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळ राहतो, गाडी काळी आणि सेकंडहॅण्ड. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा (हेच स्वर्ल मार्क्स) दिसतात. त्यात इथली लाल धूळ, आणि वॉशिंगवाला एकाच फडक्याने दहा गाड्या पुसणार! रेघा नखाला लागत नाहीत, म्हणजे क्लिअर कोटमध्येच (रंगावरच्या पारदर्शक थरात) असाव्यात. दारावरचा एक चरा मात्र नखाला अडकतो (करवंदाच्या जाळीची कृपा), त्याचा नाद सोडलाय.

रोटरी (नुसतं गोल फिरणारं मशीन) नको, कडांना पेंट जळायची भीती. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (फिरता फिरता डोलणारं, कमी तापणारं) घेईन म्हणतो. आधी धुऊन क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी), मग मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश एका छोट्या चौकोनावर. नाहीच भागलं तर कटिंग कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश). क्रम बरोबर आहे ना?

खरी अडचण जागेची. गाडी खळ्यात, समोरून चिऱ्यांचे ट्रक जातात. पॅडखाली धुळीचा कण गेला की नवे चरे. ताडपत्री बांधून कुणी काम केलंय का?

क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनच असतो, आणि आधीच्या मालकाने किती घासलाय देव जाणे. रत्नागिरी-चिपळूण भागात पेंट थिकनेस गेज (रंगाची जाडी मोजायचं यंत्र) कुणाकडे असेल तर कृपया सांगा, येऊन मोजून घेईन.