पेटी रिकामी, झाकण बाजूला : निसटलेले आणि सापडलेले साप

रानजाई
परवा घर सोडताना बुटांचा रॅक भिंतीपासून ओढला आणि मागून सापाची कात निघाली. वीतभर तुकडा, लसणाच्या सालीसारखा हलका. सामान न्यायला माणसं आली होती, त्यांना थांबवून मी तिथेच जमिनीवर बसले.

डिसेंबर २०१५. मिनेसोटा, बाहेर उणे २०. लेक नऊ वर्षांचा, त्याचा कॉर्न स्नेक दीड वर्षाचा, दोन फुटी. पोटावरचे काळे-पांढरे चौकोन कणसातल्या दाण्यांसारखे म्हणून नाव मका. एका सकाळी पेटी रिकामी, झाकण एका बाजूने सरकलेलं.

तिथल्या घरांत जमिनीला जाळ्या असतात, त्यांतून गरम हवा येते. जिथून सापाचं डोकं जातं तिथून बहुतेक वेळा अख्खा साप जातो. मी पट्टी घेऊन जाळीच्या फटी मोजल्या. जात होतं. त्या रात्री नवरा आणि मी दोघंही झोपलो नाही. भट्टीपर्यंत जाणारे ते सगळे पत्र्याचे बोगदे डोळ्यांसमोर येत होते.

सासूबाई तेव्हा वाईहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना फोनवर आधीच सांगितलं होतं की घरात साप आहे. "विषारी नाही ना? मग राहू दे की," एवढंच म्हणाल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी पिठाचा डबा घेतला आणि झोपण्याआधी प्रत्येक खोलीत भिंतीकडेने बोटभर रेघ ओढली, उंबऱ्यांवर पण. म्हणाल्या, साप भिंत धरून चालतो, मोकळ्यावर येत नाही. पहाटे उठून बॅटरी घेऊन सगळ्या रेघा बघायच्या, आणि रात्री पुन्हा नव्या काढायच्या. रोज अख्ख्या रेघा. एकोणिसाव्या दिवशी हॉलमधल्या बुटांच्या रॅकपाशी रेघ दोन जागी पुसलेली. बाजूलाच हीटरची जाळी. लेकाच्या बर्फातल्या बुटात, पार अंगठ्याच्या टोकाला, मका वेटोळं करून बसलेला. धुळीने मळलेला, पण जिवंत. लेकाने हातात घेतला तेव्हा तो मनगटाला घट्ट गुंडाळला आणि हललाच नाही.

एक गोष्ट राहिली. आदल्या दिवशी पाणी मी बदललं होतं. झाकणाची क्लिप मी लावली नव्हती. लेक एकोणीस दिवस स्वतःला दोष देत रडत होता आणि मी गप्प राहिले. नंतरही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

तुमच्याकडे असं झालंय का? पाळलेला, वाचवून आणलेला, कुठलाही साप चालेल. लिहा.

दुपारचा_चहा
बापरे. मी पाय वर घेऊन वाचलं. सासूबाईंना साष्टांग दंडवत __/\__

कृष्णाकाठ
ताई, आमच्याकडं पाळीव नाही. आपल्याकडचा साप पाळणं गुन्हाच आहे, १९७२ चा कायदा. पण मी सर्पमित्र. रात्री उशिरा कॉल आला की साप तेवढी रात्र घरी राहायचा, सकाळी वनखात्यात नोंद करून सोडायचा.

असाच कराडजवळून एक कवड्या साप आणला. बरणीत ठेवला, झाकणाला हवेसाठी भोकं पाडलेली. सकाळी बरणी रिकामी. कवड्या बिनविषारी, त्यामुळं आधी काही वाटलं नाही. मग डोक्यात आलं, आपण ओळखला तो बॅटरीच्या उजेडात, पावसात, चिखलाने भरलेला. जहाल विषारी मण्यार असली तर? घरात आठ महिन्यांची पोरगी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कवड्याचे पांढरे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं, मानेपाशी पुसट, मागं ठळक, आणि पट्टे जोडीजोडीनं. मला पट्टे आठवत होते, पण कुठल्या टोकाला ठळक होते ते शपथेवर सांगता येईना. बायकोला आणि पोरीला तिच्या माहेरी सोडून आलो. दिवसभर भांडी, गाद्या, धान्याचे डबे, सगळं बाहेर काढलं. नाही.

संध्याकाळी आमच्या गुरूंना फोन केला. ते म्हणाले, कवड्या असेल तर पालींसाठी येणार. ट्यूब चालू ठेव, बाकी सगळा अंधार कर आणि गप्प बस. पावणेदहाला ट्यूबखाली दोन पाली जमल्या. दहा-पंधरा मिनिटांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हललं आणि मागनं डोकं बाहेर आलं. मानेपाशी पट्टे ठळक. मी तिथंच मोठ्यांदा हुश्श केलं.

तेव्हापासून बरणी बंद. सुती पिशवी, तोंडाला पीळ देऊन गाठ, पिशवी झाकणाच्या बादलीत. आणि शक्यतो त्याच रात्री सोडायचा.

भटकी
कॅलेंडरमागे!! आमच्या स्वयंपाकघरात त्याच जागी कॅलेंडर आहे. आता तारीख मोबाईलवर बघणार 😀

वाटसरू
इंग्लंडात लेस्टरला शिकत होतो तेव्हा घरातल्या एकाचा बॉल पायथन (छोटा अजगर) होता. पेटीतून निसटला. तो रडकुंडीला आला, आम्ही चौघं घाबरलेले. कपाटांवर, पडद्यांमागं सगळीकडे वर वर शोधत होतो. कोणीतरी सांगितलं की ही जात फार चढत नाही, जड अंगाची आहे, खाली बघा, अंधारात आणि अडचणीत बघा. सोफा उलटा केला. खालचं काळं कापड एका कोपऱ्यात उसवलेलं. कात्रीने कापलं तर आत स्प्रिंगांमध्ये चेंडू होऊन बसलेला, डोकं मधोमध लपवून. म्हणून तर नाव बॉल. आम्ही सहा दिवस त्याच सोफ्यावर बसून क्रिकेट बघत होतो.

निशिगंध
रानजाई, लेकाला सांगा हो. आता तो मोठा असेल ना? तुम्ही इतकी वर्षं हे वागवताय.

मधली_आळी
प्रश्न: पीठ तांदळाचं की रांगोळी? शिरगोळ्याच्या रांगोळीची रेघ बारीक येते पण पाय लागला की लगेच पसरते. तांदळाचं बसून राहतं.

भटकी
आणि मुंग्या?

मधली_आळी
बाहेर उणे वीस असताना कुठल्या मुंग्या :)

उत्तरध्रुव
स्टॉकहोममध्ये राहते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या स्कानसेन मत्स्यालयातला नागराज निघाला होता. किंग कोब्रा, दोन मीटरच्या वर. नव्या पेटीत आणून फार वेळ झाला नव्हता. कारण ऐका: छताच्या दिव्यात आधी तापणारा बल्ब होता, त्याच्या जवळ साप जात नसे. तो बदलून कमी वीज खाणारा बसवला. हा दिवा तापेना, मग साप दिव्याच्या फटीतून वर छतात. क्ष-किरणांच्या उपकरणांनी भिंती आणि छत तपासलं, आतल्या थरांत दिसला म्हणे, पण हाती येईना. आठवड्याभराने स्वतःच आपल्या पेटीत परत आला. त्याचं नाव सर वॅस, मग लोक त्याला हुदिनी (बेड्या-कुलुपांतून निसटणारा जादूगार) म्हणायला लागले.

आमच्याकडे त्या आठवड्यात मुलं रोज शाळेतून आल्यावर आधी हेच विचारायची, सापडला का. परत आल्याचं कळलं तेव्हा धाकटी म्हणाली, त्याला घरची आठवण आली. मला खरंच तसं वाटलं. म्हणजे उबेची, अंधाराची, ओळखीच्या वासाची.

खारीचा_वाटा
न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातपण २०११ ला इजिप्शियन कोब्रा गेला होता. पोरसवदा नाग, वीसेक इंच. अख्ख्या शहरात चर्चा. जवळपास आठवड्याने त्याच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या इमारतीत सापडला. बाहेर गेलाच नव्हता.

ऑफिसात आहे, बाकी रात्री लिहिते.

सोनचाफा
लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

टोरोंटो. आमची कॉर्न स्नेक, सात वर्षांची, केशरी. नोव्हेंबरात निघाली. आम्ही सगळं केलं: दारांखाली टॉवेल, भिंतीकडेने चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या म्हणजे रात्री सरकली की आवाज येईल, मधल्या खोलीत अंधार करून उबेची चटई आणि वर पालथं खोकं. एका रात्री पिशवी वाजली. मी धावले, दिवा लावला, आणि तेवढ्यात गेली. दिवा लावायला नको होता. ते अजून मनातून जात नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर शेजाऱ्यांना त्यांच्या तळघराच्या खिडकीखाली मिळाली. जिवंत नव्हती. एक बुटाचा खोका त्यांनीच दिला. मागच्या अंगणात पुरली. मुलीने वर मक्याचे चार दाणे लावले. उगवले नाहीत, पण ती रोज पाणी घालायची.

निशिगंध
सोनचाफा 🙏 दिवा कुणीही लावला असता हो.

रानजाई
सोनचाफा, मिठी. दिव्याचं मनावर घेऊ नका.

कृष्णाकाठ
ताई, वाईट वाटलं. साप आवाज आणि उजेड दोन्हीला बिचकतो. पण अंधारात तुम्ही धरला असता याची काय खात्री? सावध साप हाताला लागत नाही.

दुपारचा_चहा
हे परदेशी साप आपल्याकडे ठेवता येतात का? भाचा मागे लागलाय.

वाटसरू
देशी कुठलाच नाही, मांडूळसुद्धा नाही. गुप्तधनाच्या आणि औषधाच्या खुळ्या समजुतींपायी मांडुळांची तस्करी चालते, तो वेगळाच संताप आहे. बॉल पायथनसारखे परदेशी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. भाच्याला सांगा, आधी सर्पोद्यानात जाऊन महिनाभर नुसतं बघ. आम्ही शाळेतून पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानात गेलो होतो. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते, ती गोष्ट सरांनी तिथेच सांगितली. रात्री झोपेत पण आठवली होती.

पायवाट
आमचं आजोळ सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचं. नागपंचमीआधी नाग पकडून मडक्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधून. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते बंद झालं, माझी आठवण त्याच्या खूप आधीची. मी सहा-सात वर्षांची. सकाळी फडकं सैल आणि मडकं रिकामं. घरात पंधरा माणसं, पण कोणी ओरडलं नाही. आज्ज्यानं सगळ्यांना अंगणात काढलं, दारं उघडी टाकली आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. दीड-दोन तास. मग कणगीमागनं नाग आला, फणा न काढता, आज्ज्याच्या पायापासनं हातभर अंतरावरनं सरळ परड्यात गेला. आज्ज्यानं परत धरला नाही. "जाऊ दे, त्येला जायाचंय."

लहानपणी वाटायचं आज्जा किती धाडसी. आता वाटतं, त्या सगळ्या वर्षांत मडक्यातल्या नागांना काय वाटत असेल ते फक्त त्याला कळलं होतं.

भटकी
पायवाट, काय लिहिलंय. परत वाचते.

खारीचा_वाटा
आले. ब्रिस्बेनला बहीण वन्यजीवांसाठी स्वयंसेवक आहे. तिथे साप पाळायला परवाना लागतो, आणि कोणाचा निसटला की लोक हिला फोन करतात. ती पहिल्यांदा विचारते, पेटीच्या आत नीट बघितलंत का? लाकडाच्या ढलप्यांखाली, पाण्याच्या भांड्याखाली? अनेकदा साप आतच असतो. मग पेटीपासून हातभर, मग त्याच खोलीत. फ्रिजच्या मागे मोटरपाशी, वॉशिंग मशीनखाली, पुस्तकांमागे, ड्रॉवरच्या मागच्या पोकळीत (ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून, नुसता उघडून नव्हे). आणि सोफा, खुर्ची सरकवायच्या आधी खाली हात घालून बघायचं, नाहीतर चिरडतो. हे शेवटचं ती दोनदा सांगते.

एक मोठा साप अडीच महिने सापडलाच नाही. काही खाल्लं नव्हतं तरी ठणठणीत. त्यामुळे आशा सोडू नका.

मधली_आळी
अडीच महिने!! आमचं मांजर जेवणाला दहा मिनिटं उशीर झाला तर कुकरवर चढतं.

दुपारचा_चहा
मांजराचा फोटो टाका

रानजाई
सगळ्यांचे आभार. पीठ तांदळाचंच होतं, इंडियन ग्रोसरीतली दोन किलोची पिशवी, पूर्ण संपली.

मका अजून आहे. सव्वाचार फुटी झालाय आणि लेकाबरोबर कॉलेजच्या गावी राहतो. काल रात्री लेकाला कातेचा फोटो पाठवला आणि सगळं लिहिलं, पाण्याचं, क्लिपचं. बराच वेळ दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. मग फोनच आला. म्हणाला, "आई, मला माहीत होतं. आजीनं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाली, आईला काही विचारू नकोस, तिचं तिला सांगू दे."

मग म्हणाला, कात टाकू नकोस, पुढच्या महिन्यात येतो तेव्हा नेतो.

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. कात मी त्यांच्या पिठाच्या डब्यात ठेवलीये.

निशिगंध
❤️

मधली_आळी
डबा पितळी का?

रानजाई
हो, पितळी. त्या वाईहून घेऊन आल्या होत्या.