विषय: पालक-ग्रुप कुठे हलवायचा? (शनिवारच्या वर्गाआधी हवं)

प्रेषक: मराठी शाळा, समन्वयक
नमस्कार मंडळी,
टेलिग्रामवर 'पूर्ण सुरक्षित' म्हणून जो ग्रुप उघडलाय, त्यात कृपया मुलांचे फोटो टाकू नका. टेलिग्रामच्या ग्रुपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कंपनीलाही वाचता येणार नाही अशी कुलूपबंदी) नसतंच. ते फक्त दोघांतल्या 'सीक्रेट चॅट'ला, तेही मुद्दाम सुरू केलं तर. सिग्नल हे अ‍ॅप घेऊ या का?

प्रेषक: सांस्कृतिक समिती
ग्रुप मीच उघडला. दिवाळीनंतर सगळ्यांना साड्यांच्या जाहिराती आल्या, ते नंबर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनच गेले होते. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. आणि टेलिग्रामचा संस्थापक दुरोव कुठल्याच सरकारपुढे झुकत नाही.

प्रेषक: वेबसाइट
दादा, ऑगस्ट २०२४ मध्ये दुरोवला फ्रान्समध्ये अटक झाली. सप्टेंबरमध्ये टेलिग्रामनं नियमच बदलले. कायदेशीर मागणी आली, तर आता नंबर आणि आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरचा पत्ता) देऊ शकतात. सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीचं (गुन्ह्याची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं) समन्स आलं होतं. द्यायला निघालं काय, तर खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच. कंपनी काय सांगते ते सोडा. मागितल्यावर तिच्याकडे काय सापडतं ते बघा. नंबराचं म्हणाल, तर सिग्नलवर खातं उघडायला तो लागतो, पण २०२४ पासून युजरनेम आहे आणि नंबर इतरांना आपोआप दिसत नाही.

प्रेषक: खजिनदार
व्हॉट्सअ‍ॅपही २०१६ पासून सिग्नलचाच प्रोटोकॉल (कुलूपबंदीची पद्धत) वापरतं, मग हलवाहलव कशाला? जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या अटी आल्या, तेव्हा आपण सगळे सिग्नलवर गेलो आणि गुपचूप परत आलो. साताऱ्याला माझी आई नातीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच बघते. तिला या वयात नवं अ‍ॅप शिकवणार कोण?

प्रेषक: बालवर्गाच्या ताई
भाऊ, निरोप बंद पाकिटातून जातो हे खरं. पण कोण कुणाशी कधी बोललं, ते व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, मेटाला, कळतंच. आणि बॅकअपचं काय? तो एन्क्रिप्ट करायची सोय २०२१ मध्ये आली, पण ती ज्यानं त्यानं आपण चालू करावी लागते. एका पालकाची राहिली, तरी सगळ्या वर्गाचे फोटो त्याच्या क्लाउडवर उघडे. मला मुलांची काळजी वाटते.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
स्क्रीनशॉट तर कुठल्याही अ‍ॅपवर निघतो. शिवाय नवा ग्रुप कुणी उघडायचा हे कार्यकारिणी ठरवते, शाळा नव्हे. गणपतीच्या वेळी हेच ठरलं होतं.

प्रेषक: मराठी शाळा, समन्वयक
कार्यकारिणीला कळवलंय. पालक-ग्रुप शाळेचा आहे, तो शाळाच चालवेल. स्क्रीनशॉटचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून वर्गाचा फोटो ग्रुपवर टाकायचाच नाही. ज्याच्या मुलाचा, त्यालाच पाठवायचा. काकूंना साताऱ्याला तो भाऊंनी व्हॉट्सअ‍ॅपवर खुशाल पाठवावा. सिग्नलच्या लिंकला अ‍ॅडमिनची मंजुरी ठेवतेय, मेसेज चार आठवड्यांनी आपोआप जातील. टेलिग्रामचा ग्रुप आज रात्री बंद करता का? त्यात दोन फोटो पडलेत, आधी ते काढा.