हप्त्याहप्त्याने वाचलेले अभिजात : अनुभव धागा

ओसरी:
गेल्या आठवड्यात माळा आवरताना आईने शिवलेले एक बाड हाती लागले. साप्ताहिकात क्रमशः येणाऱ्या कादंबरीची पाने ती दर आठवड्याला कापून ठेवत असे आणि कादंबरी संपली की दाभणाने भोके पाडून, गोधडीच्या दोऱ्याने शिवून त्यांचे पुस्तक करत असे. या बाडात एकोणिसावा हप्ता नाही, कारण त्या आठवड्याचा अंक बाबा एसटीत विसरले होते. त्या हप्त्यात नायिकेचे नेमके काय झाले असावे, यावर आई आणि शेजारच्या काकू पुढे कित्येक वर्षे वाद घालत होत्या.

हे सगळे आठवण्याचे खरे कारण मात्र ड्रॅक्युला आहे. ब्रॅम स्टोकरची ही १८९७ ची कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांतून उलगडते आणि त्यांतील बहुतेक नोंदींवर तारीख आहे. मॅट कर्कलंड या वेब डिझायनरने २०२१ मध्ये ज्या तारखेची नोंद, त्याच तारखेला ती ईमेलने पाठवायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी ही टूम जगभर पसरली. ३ मे रोजी जोनाथन हार्कर या तरुण वकिलाची रोजनिशी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कथा संपते.

मी यंदा प्रथमच ती अशी वाचते आहे. ३० जूनला जोनाथनने ड्रॅक्युलाच्या वाड्याच्या भिंतीवरून उतरून पळण्याचा बेत लिहिला आणि तेव्हापासून त्याची एक ओळ आलेली नाही. मध्येच येतो तो वेड्यांच्या इस्पितळातल्या डॉ. सेवर्डचा माशा आणि कोळी पाळणारा रुग्ण. रोज सकाळी दूध तापत ठेवून मी फोन उघडते, पत्र नाही हे पाहून तो मिटते आणि त्या नादात दोनदा दूध उतू गेले आहे. तुमचेही असे थांबून, वाट पाहून, सोबतीने वाचलेले, ऐकलेले किंवा पाहिलेले काही असेल तर अवश्य लिहा.

अर्धी भाकरी:
ताई, दूध उतू जाण्यात तुम्ही एकट्या नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच मैत्रिणींनी ही कादंबरी अशीच वाचली, तेव्हा पहिल्याच दिवशी जोनाथनने खाल्लेल्या पाप्रिका घातलेल्या कोंबडीवर आमचे सगळे वाचन अडकले. त्याने आपल्या वाग्दत्त वधूसाठी, मीनासाठी, कृती मिळवण्याची आठवणही लिहून ठेवली आहे, त्यामुळे ती करून पाहणे आम्हांला वाचकधर्मच वाटला. पाप्रिका घरात नव्हती म्हणून मी बेडगी मिरचीची पूड घातली. रंग अप्रतिम आला, पण शेवटी घालायच्या आंबट सायीऐवजी मी उकळत्या रश्शात थेट दही ओतले आणि ते क्षणात फाटले. दुसऱ्या वर्षी चक्क्यात चमचाभर मैदा घोटून, गॅस बंद करून घातला, तेव्हा जमले. जोनाथनला त्या जेवणानंतर फार तहान लागली आणि त्याने सुरईतले सगळे पाणी संपवले, हे वाचून आमच्यातील कोल्हापूरची मैत्रीण बराच वेळ हसत होती.

खोली क्रमांक आठ:
मी थोडा विरोधी सूर लावतो. मी ही कादंबरी १९९४ मध्ये वसतिगृहात एका रात्रीत वाचली आणि पहाटे खिडकीच्या काचेवर पाल सरकली तेव्हा माझ्या हातातून पुस्तक पडले. ती भीती तुकड्यांत वाचून येईल असे मला वाटत नाही. शिवाय स्टोकरने प्रकरणे निव्वळ तारखांच्या क्रमाने लावलेली नाहीत. जोनाथनची ३० जूनची नोंद संपली की तो आपल्याला मागे, मीनाने ९ मेला मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रावर नेतो. वाड्यातील सगळे कळल्यानंतर दोन मैत्रिणींच्या त्या निरागस गप्पा वाचताना पोटात जो गोळा येतो, तो त्याने विचारपूर्वक योजलेला आहे. तारखेबरहुकूम वाचणारा त्याला मुकतो.

ओसरी:
आपले म्हणणे मान्य आहे. तरीही तुम्ही जे मौन एका रात्रीत ओलांडलेत, त्यात मी दोन आठवडे बसून आहे, आणि ही भीती निराळ्या जातीची आहे. पालीचे मात्र वाईट वाटले.

पिंपळपान:
१२ ऑगस्टला फोन जरूर उघडा, एवढेच सांगतो.

अर्धी भाकरी:
दादा, हे सांगायलाच हवे होते का?

पिंपळपान:
सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीचे रहस्य फोडल्याचा आरोप माझ्यावर येईल असे वाटले नव्हते. क्षमस्व.

कृष्णाकाठ:
माझी आत्या सांगते ती गोष्ट गीतरामायणाची. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून त्याचा आरंभ झाला आणि १९५६ च्या रामनवमीला सांगता झाली. वर्षाची गीते बावन्न व्हायची, ती अधिक मासामुळे छप्पन्न झाली. आत्याच्या वाड्यात रेडिओ एकच होता. गाणे सुरू होण्यापूर्वी बायका अंघोळ उरकून येत आणि कोणीतरी रेडिओवर फूल ठेवत असे. पुढच्या आठवड्यात कोणता प्रसंग येणार हे रामकथा असल्यामुळे सगळ्यांना ठाऊक होते, आणि तरीही गदिमा तो कसा लिहितील व बाबूजी त्याला कोणती चाल देतील, यावर पाणी भरताना पैजा लागत.

आम्ही चुलत भावंडांनी दोन वर्षांपूर्वी रामनवमीपासून दर आठवड्याला एकच गीत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून ऐकायचे ठरवले. सगळी गीते फोनवर एका स्पर्शाच्या अंतरावर असताना पुढचे न ऐकणे फार अवघड गेले. अमेरिकेतील पुतण्या तिसऱ्याच आठवड्यात थेट लंकेत पोहोचला, तेव्हा आत्याने त्याला फोन करून सुनावले, “तू काय मारुती आहेस का?”

खडू आणि कोळसा:
मी चित्रकला शिकवतो. व्हॅन गॉगचा पत्रव्यवहार २००९ पासून आंतरजालावर पूर्ण आणि विनामूल्य उपलब्ध आहे. एकूण ९०२ पत्रे आहेत आणि त्यांपैकी ८१९ त्याने स्वतः लिहिलेली आहेत. ज्या दिवशी लिहिले त्याच दिवशी ते पत्र वाचायचे, असा माझा गेल्या वर्षीचा नेम होता. मुलांना हा चित्रकार फोनच्या कव्हरवरील तारांकित रात्रीपुरता माहीत असतो. १८८५ च्या एका पत्रात तो ‘बटाटे खाणारे’ या चित्राविषयी भावाला लिहितो की, त्या माणसांचे चेहरे आता धूळभरल्या, अर्थातच न सोललेल्या बटाट्याच्या रंगाचे झाले आहेत. मी त्या दिवशी बाजारातून मातीसकट बटाटे आणून टेबलावर ठेवले आणि वर्गाला फक्त तो रंग मिसळायला सांगितला. तासाभरात कोणाचाही रंग जमला नाही. एक मुलगी शेवटी म्हणाली की आमच्याकडे दिवे गेले की पिठले-भाकरी खाताना आजीचा चेहरा असाच दिसतो, आणि तिने बटाटा सोडून आजीच काढली.

जुलै १८९० जवळ आल्यावर मात्र माझा नेम ढळला. २३ जुलैचे पत्र वाचले आणि २९ जुलैला तो जाणार हे ठाऊक असल्यामुळे पुढचे काही दिवस मी ते संकेतस्थळ उघडलेच नाही.

ओसरी:
मास्तर, तुमचा अनुभव वाचून स्वयंपाकघरात थोडा वेळ नुसती उभी राहिले.

दुपारचा चहा:
हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी मुळात ‘करमणूक’ या त्यांच्याच पत्रात १८९० पासून क्रमशः आली होती. माझ्या मावशीची दृष्टी अधू झाल्यापासून मी दर रविवारी एक प्रकरण फोनवर वाचून, ध्वनिमुद्रित करून तिला पाठवते. मागे कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याची हाक असते, पण तिची तक्रार नाही. मावशीने ते पुढे तिच्या भिशीतल्या बायकांना पाठवायला सुरुवात केली, आणि आता अकरा अनोळखी स्त्रिया यमूच्या सासरच्या माणसांवर मनापासून संतापलेल्या आहेत. गेल्या रविवारी मला ताप होता म्हणून प्रकरण गेले नाही, तर तिघींनी माझी चौकशी केली आणि दोघींनी फक्त यमूची.

लीड्सकर:
मी यॉर्कशरमध्ये राहतो, त्यामुळे कादंबरीतले व्हिटबी हे किनाऱ्यावरचे गाव हाताशी आहे. स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात तिथे राहिला होता आणि ड्रॅक्युला हे नाव त्याला तिथल्या ग्रंथालयातील एका पुस्तकात सापडले. मीना तिथे २४ जुलैला पोहोचते, म्हणून आम्ही दोघे मुद्दाम त्या दिवशी गेलो आणि १९९ पायऱ्या चढून, चर्चच्या अंगणात बसून तिची त्या दिवसाची नोंद मोठ्याने वाचली. वारा एवढा होता की बायकोला निम्मे ऐकू आले नाही. शेजारच्या बाकावर दोन जपानी मुली त्यांच्या फोनवर तीच नोंद वाचत होत्या. आम्ही एकमेकांना फोनचा पडदा दाखवला आणि त्यांनी आम्हांला बिस्किटे दिली. १८८५ मध्ये दिमित्री नावाचे एक रशियन जहाज याच किनाऱ्यावर फुटले होते. स्टोकरने त्याचे काय केले, ते ओसरीताईंना ऑगस्टमध्ये कळेल. पिंपळपान यांच्यासारखा गुन्हा मी करणार नाही.

पिंपळपान:
केलात की.

खोली क्रमांक आठ:
१९९ पायऱ्या मी मोजल्या नव्हत्या, कारण त्या रात्री मी पाने मोजत होतो. लीड्सकर, त्या अंगणातून बंदर खरोखरच तसे दिसते का, हे सवडीने सांगा. मी आज ३ मेपासूनच्या नोंदी उघडल्या आहेत. मत बदललेले नाही, पण पाहतो.

ओसरी:
काल आईला फोनवर सगळी कथा सांगितली. तिने वाड्याविषयी, लांडग्यांविषयी काहीच विचारले नाही. “त्या मीनाला कोणी कळवले का गं?” एवढेच म्हणाली. आता रोजची नोंद मराठीत सांगून, मोठ्या अक्षरात छापून तिला पाठवायची आहे. दाभण शिवणयंत्राच्या खणात आहे, असेही तिने सांगून ठेवले आहे.

दुपारचा चहा:
अर्धी भाकरी, चक्का किती घ्यायचा ते लिहायचे राहिले. चार माणसांसाठी हवा आहे.

अर्धी भाकरी:
एक वाटी पुरतो. गॅस मात्र आधी बंद करा.