'अश्लील' : सुटलेल्या चित्राला काय म्हणायचं?

विश्रामबाग, सांगली : मी चित्रकलेचे वर्ग घेते. एका विद्यार्थिनीने चित्रकार अकबर पदमसींवर टिपण लिहून आणलं. त्यात वाक्य होतं, 'पदमसींनी १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत अश्लील चित्रं लावली म्हणून खटला झाला व ते निर्दोष सुटले.' मी 'अश्लील'खाली रेघ मारली. ती म्हणाली, "बाई, मग खटला कशाचा होता?"

तिचं बरोबर होतं. पोलिसांनी 'लव्हर्स' नावाची दोन चित्रं उतरवायला सांगितली, पदमसींनी नाही म्हटलं, दंड संहितेचं अश्लीलतेबद्दलचं कलम २९२ लागलं. पुढे ते सुटले, पण विशेषण चित्रांना चिकटून राहिलं. माणसावर खटला चालू असला तर आपण त्याला 'आरोपी' म्हणतो, 'खुनी' म्हणत नाही. चित्रासाठी असा शब्द आहे का?

मिरज : ताई, आधी मुळाकडे जाऊ. 'अश्लील' म्हणजे श्री नसलेलं. 'र'चा 'ल' झालाय. ऋग्वेदात 'अश्रीर' येतो, गाईंच्या सूक्तात : गाईंनो, तुम्ही कृशाला पुष्ट करता आणि अश्रीरालाही देखणं करता. म्हणजे तिथे अर्थ 'कुरूप, निस्तेज' इतकाच. कपड्यांचा संबंधच नाही.

काव्यशास्त्रात हा दोष झाला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले : व्रीडा, जुगुप्सा, अमंगल. लाज आणणारं, किळस आणणारं आणि अशुभ सुचवणारं. तिसरा आपण घरात रोज पाळतो. कुंकू 'संपलं' न म्हणता 'वाढवलं' म्हणतो, निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. आजच्या 'अश्लील'मध्ये यातला पहिलाच उरला, तोही आक्रसून.

तासगाव : आमच्याकडं आजी 'अश्लील' कधी म्हणाली नाही. ती म्हणायची 'वंगाळ'. "वंगाळ बोलू नगंस." शिवी वंगाळ, खोटं वंगाळ, दुसऱ्याच्या पोराला टाकून बोलणंही वंगाळ. पण उघडं पोर अंगणात फिरलं तर ते वंगाळ नव्हतं, ते नुसतं उघडं. आणि 'नागवणं' म्हणजे लुटणं! सावकारानं नागवलं, असं म्हणायचे. त्यात दोष नागवणाऱ्याचा, नागवलेल्याचा नव्हे.

मिरज : वंगाळ फार नेमका. 'अश्रीर'च्या जवळचा.

सांगली, कोर्टाजवळून : वकिली करतो म्हणून कायद्याचं सांगतो. कलम २९२ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९४ ने घेतली. कसोटी अशी की वस्तू कामुक आहे का, वासना चाळवते का, पाहणाऱ्याला बिघडवते का. नुसत्या नग्नतेने ती पूर्ण होत नाही. कला, शास्त्र, धर्म यांसाठी अपवाद त्याच कलमात आहे, प्राचीन स्मारकं आणि देवळांतल्या शिल्पांसाठीही.

आपल्या भागात हे समजावणं सोपं जावं. कुंभोजच्या बाहुबली या जैन तीर्थाला सांगलीतून किती माणसं जातात! तिथली मूर्ती निर्वस्त्र आहे आणि लोक हात जोडून उभे राहतात. त्यासाठी आपल्याकडे शब्दही आहे, 'दिगंबर'.

आणि ताई, पदमसींचं प्रकरण १९५४ ला संपलं नाही. सीमाशुल्क विभागाने त्यांची आणि चित्रकार एफ. एन. सूझांची मिळून सात चित्रं अश्लील ठरवून जप्त केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सोडायला सांगितली. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे न्यायालयाला पुन्हा लिहावं लागलं. पदमसी २०२० सालीच गेले होते.

तासगाव : वर्तमानपत्रवाले 'वादग्रस्त' लिहितात. तो चालेल का?

विश्रामबाग, सांगली : मला नाही पटत. 'ग्रस्त' आला की रोगग्रस्त, कर्जग्रस्त असे शब्द आठवतात, जणू दुखणं चित्रातच आहे. वाद तर बाहेरच्यांनी आणलेला. 'आक्षेपित' बरा, पण दहावीच्या मुलीच्या तोंडी तो कोरडा पडतो.

'ठपका' मात्र मला नेमका वाटतो. ठपका कुणीतरी ठेवतो, तो आपोआप उगवत नाही, आणि तो पुसताही येतो. तिला सोमवारी वाक्य असं लिहून दाखवणार आहे : 'पदमसींच्या दोन चित्रांवर १९५४ साली पोलिसांनी अश्लीलतेचा ठपका ठेवला, न्यायालयाने तो पुसला.'