मॅसॅच्युसेट्समधल्या जुन्या घरासाठी ऑइल बॉयलर: किती मोठा घ्यावा?

प्रश्न: १८०० चौरस फुटांचं घर, भिंतीत इन्सुलेशन आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या. घर तापवणाऱ्या जुन्या बॉयलरचं नॉझल (तेल फवारणारी तोटी) तासाला १.२५ गॅलनचं. कंत्राटदार म्हणतो तेवढ्याच क्षमतेचा, ८७ टक्के कार्यक्षमतेवाला बसवू. घ्यावा का?

उत्तर १: तेवढाच अजिबात नको. १.२५ गॅलन म्हणजे तासाला सुमारे १,७३,००० बीटीयूचं (बीटीयू हे उष्णतेचं माप) तेल. अशा घराची गरज बहुधा ५०-६० हजारांच्या आतबाहेर असते. आधी खोलीवार हीट लॉस, म्हणजे थंडीत किती उष्णता बाहेर जाते ते, काढून मागा. जुन्या बॉयलरची पाटी वाचून दिलेलं कोटेशन सरळ परत करा. मोठा बॉयलर पाच मिनिटं पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो; काजळी साचते आणि कागदावरचे ८७ टक्के कागदावरच राहतात.

आणि नॉझलवरचा आकडा पंपाचा दाब १०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) धरून दिलेला असतो. पंप १४० वर लावला की ०.५५ चं नॉझल तासाला ०.६५ गॅलन सोडतं. तुम्हाला बहुतेक तेवढं पुरेल.

उत्तर २: वरच्यात भर. घरात फिरून बॉयलरकडे परत येणारं पाणी बराच वेळ १३० अंश फॅरनहाइटखाली राहिलं तर धुरातल्या वाफेचं आत पाणी होतं, तेलातल्या गंधकामुळे आम्ल होतं आणि बॉयलरचं बीड (ओतीव लोखंड) खाऊन टाकतं. परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारा बायपास किंवा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच. नव्या बॉयलरचा धूर जुन्यापेक्षा थंड असल्यामुळे जुन्या विटांच्या चिमणीत स्टेनलेस लायनरही (आतून बसवायची नळी) लागेल. तो कोटेशनमध्ये आहे का बघा.

प्रश्नकर्ता: आंघोळीचं पाणी?

उत्तर १: बॉयलरमध्येच पाणी तापवणारी कॉइल नको, तिच्यापायी उन्हाळाभर बॉयलर तापत ठेवावा लागतो. ४० गॅलनची इनडायरेक्ट टाकी (बॉयलरच्या गरम पाण्यावर तापणारी वेगळी टाकी) घ्या. बॉयलर बसवल्यावर कम्बशन टेस्टची (तेल नीट जळतंय का याच्या तपासणीची) छापील पट्टी मागा: स्मोक शून्य, सीओटू साधारण १२ टक्के.