प्रतिसाद: नवीन वायझेड १२५, आधी सॅग बघा

भाऊ, तुमची नवी वायझेड १२५, म्हणजे यामाहाची टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बाईक, कमी आरपीएमला घुसमटते नि मागून उडवते म्हणताय, तर लगेच नवा एक्झॉस्ट पाईप नि सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर पैसे घालू नका. आधी हेल्मेट-बूट असा पूर्ण रायडिंग गियर घालून गाडीवर बसा नि रायडर सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने मागचं सस्पेन्शन किती दबतं ते, मोजा, १०० मिमीच्या आसपास पाहिजे, क्लिकर (सस्पेन्शनच्या दबण्या-उसळण्याचा वेग ठरवणारे स्क्रू) नंतर. घुसमटीचं म्हणाल तर आपल्या गोव्याच्या गरम दमट हवेत मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त; कार्बोरेटरमधला पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणारा) एक नंबर लहान टाकून बघा, पण मेन जेट (फुल थ्रॉटलचा) उगाच बारीक करू नका हां, पिस्टन जाम होईल. पेट्रोल-ऑइल ३०:१, म्हणजे लिटर पेट्रोलला ३३ मिली ऑइल, आणि मिसळलेलं पेट्रोल पावसात साठवू नका, इथेनॉल पाणी ओढतं. बाकी आपल्या सत्तरी तालुक्याच्या तांबड्या चिखलात १२५ क्लच मारतच, म्हणजे क्लच दाबत-सोडत आरपीएम चढे ठेवूनच चालवायची, कमी आरपीएमला टॉर्क (ओढ) नसतोच तिला!